किल्ली पास्कूकडं असते

रताळ्यांची पोती उतरवून गाडी मोकळी झाली
तशी तुळसा म्हणाली,
मामा, ते दगडी चर्च एकदा दाखवा की.

कॅम्पात झाडं अजून रांगेत, हजेरीला उभी.
पास्कूनं किल्ली आणली. आत गार,
मेणाचा वास, वटवाघळांचाही थोडा.
काचेतला मेंढपाळ
तिच्या ओढणीवर निळा सांडला.
बाकांना खाचा कसल्या?
बंदुका टेकवायच्या, पास्कू म्हणाला,
देवापुढं यायचे तेव्हाही.

मागं कबरींत ती नखानं शेवाळ खरवडत
कानडी शाळेतलं इंग्रजी लावून
मला मराठीत सांगत होती:
शिपाई. वय एकोणीस. पटकी.
खाली गावाचं नाव.
तीनदा वाचलं, तीनदा वेगळं निघालं.
पाद्रीबाबालाही येत नाही ते, पास्कू म्हणाला,
आम्ही त्याला कोपऱ्यातला म्हणतो.

परत येताना हिंडलग्याच्या पुढं
मैलाच्या दगडावर आमचं बसुर्ते,
एका लिपीवर दुसरी, वर डांबर,
डांबराचे पोपडे.
भातात बगळे. ओल.
त्याच्याकडं पण असंच असेल का, मामा?
मेंढरं, चिखल,
लांबून दिसणारं देवळाचं टोक,
आई दारात?
असेल, म्हटलं. रताळी नसतील.

ती हसली नाही. ओठ हलत होते.
वेशीत शिरताना
तिनं ते नाव चौथ्यांदा उच्चारलं.
मला कोण विचारतंय,
पण बरोबर वाटलं.