लाइनर

उद्यमनगरात, शिकलगारांच्या शेडमध्ये,
लेथशेजारचा कॉम्प्युटर दहा वर्षांचा.
आतलं लिनक्सही तेवढंच.
"सिस्टिमला हात लावायचा न्हाई," मेहबूबभाई म्हणाले,
"मशीनचं कार्ड फकस्त हिचंच ऐकतंय.
पर गिऱ्हाइकाची नवी ड्रॉइंगं उघडंनात. तेवढं बघ."

नवा प्रोग्राम जुन्या भांडारात नव्हता.
नव्या भांडाराची ओळ जोडली असती
तर त्यानं एक लायब्ररी मागितली असती,
तिनं दुसरी, दुसरीनं तिसरी,
आणि सकाळपर्यंत पायाच उखडला असता.
इचलकरंजीत मी हे एकदा केलंय.
सायझिंगवाल्यानं अजून पैसे दिलेले नाहीत.

म्हणून एकच फाइल आणली,
लागेल ते सगळं पोटात घेऊन आलेली,
घरातल्या डब्यांना न शिवणारी.
होममध्ये ठेवली.
चालायची परवानगी दिली.
जुनी आवृत्ती तशीच, तिच्या जागी.

मेहबूबभाई पाठीशी उभे, हाताला कूलंटचा वास.
"म्हंजे ब्लॉक त्योच, लाइनर तेवढा नवा."
मी मान हलवली.
तासभर मी हेच सांगत होतो,
बऱ्याच जास्त शब्दांत.

ड्रॉइंग उघडलं. पंपाचं झाकण, सहा भोकं.
कोपऱ्यात लॉगिनचं नाव दिसलं: युसूफ.
"धाकटा. त्यानंच बसवलंवतं समदं.
आता चाकणला असतोय. फोन न्हाई करत."
नाव बदलून देऊ का, मी विचारलं.

त्यांनी चकात जॉब धरला,
चावी पिळली, परत थोडी पिळली.
"ऱ्हाऊ दे.
चालतंय की."