पंचावन्न अधिक

खांब क्रमांक पंचावन्न.
सिमेंटचा, कमरेएवढा, चुना उडालेला.
मावशी अफिबा त्याला बकरी बांधते
आणि बकरी दोन्ही देशांतलं गवत खाते,
दोर पुरेल तेवढं.

इथं हद्द संपते, असं कागद म्हणतो.
खांबापुढं तरी अजून पुळण आहे,
दीडशे पावलं. माझी.
मामाची ढांग लांब होती, तरी त्याची दोनशेच्या वर भरायची.
त्या पुळणीला नंबर नव्हता.

लांब कुठं थंड देशात दोन्हीकडचे वकील भांडले
समुद्रासाठी. म्हणजे खालच्या तेलासाठी.
म्हणजे त्या ज्योतीसाठी,
जी रात्रभर क्षितिजावर जळते
आणि जिच्याजवळ आमची होडी गेली तर भोंगा वाजतो.
निकाल लागला.
पण रेघ सुरू कुठून करायची?
खांब कोरड्यात, रेघ ओल्यात.
मग त्यांनी आकड्यापुढं एक खूण काढली:
पंचावन्न अधिक.
सुकतीचं पाणी जिथं थांबतं, तिथं हा बिंदू.
तिथून एकशे एक्याण्णव अंश आणि वर काही कला,
निळ्यावर निळी रेघ.

बिंदू बघायला दोघे आले.
आक्र्याहून क्वार्शी, बूट हातात.
आबिजानहून यापी, बूट पायात.
तिपाई रोवली आणि मला विचारलं,
सुकती केव्हा?
म्हटलं, भरती चाललीय. बसा.
बसले.
मावशीनं कसाव्याचा अकेके वाढला, वर तळलेला मासा.
क्वार्शीकडून सेडी घेतले, यापीकडून फ्रँक,
आणि सुटे परत देताना नेमके उलटे दिले,
डब्यात तेवढेच होते म्हणून.

दुपारी पाणी हटलं.
इथं, क्वार्शी म्हणाला.
लाट आली, त्याच्या घोट्यावरून गेली, परतली.
इथं, यापी म्हणाला, चार हात पलीकडं.
मग दोघांनी वहीत काहीतरी लिहिलं.
मधलं असावं.

आम्हाला रापण ओढायची होती.
पाण्याची ओढ पूर्वेला,
म्हणून एक दोर तिकडच्या पुळणीवर सोडून होडी निघते,
वळसा घालून दुसरा दोर इकडं आणते.
तिकडच्या दोरावर मावसभाऊ ब्ले आणि त्याची अठरा माणसं,
इकडच्यावर मी, बायका आणि शाळा बुडवलेली पोरं.
जाळं मामा कबेन्लाचं.
आमच्यात बापाचं पोराला जात नाही, मामाचं भाच्याला येतं.
मामा तिकडचा, मी इकडचा.
तो गेला त्या पहाटे जाळं चौघांच्या खांद्यावरून आलं,
ओलं, जड, शेवाळाचा वास मारत,
आणि नाक्यावरच्या शिपायानं टोपी काढली.
शिक्का नाही मारला.

ओढता ओढता दोन्ही दोर जवळ येतात,
माणसंही येतात, बाजूबाजूनं, वाळूत टाचा रुतवत.
जाळ्याचं पोट शेवटी मधोमध वर येतं.
तिथंच ते दोघे उभे.
सरका, ब्ले ओरडला, आमच्या भाषेत.
ती दोघांनाही येत नव्हती.
क्वार्शी सरकला.
यापीनं दोराला हात घातला,
बुटांसकट, गुडघाभर पाण्यात,
आणि ओढ कुणाच्या तालावर द्यायची हे न कळून
दर वेळी अर्धा श्वास मागं राहिला.

निघालं काय?
दोन टोपल्या पेडवे, एक वाम,
आणि दोन्ही देशांत बंदी असलेल्या पिशव्यांचा ढीग.
वाटे पडले: तिकडच्या दोराला, इकडच्या दोराला,
आणि अधिक एक, जाळ्याचा.
तो मी अजून मामाच्या नावानं काढतो.
त्यातले चार पेडवे यापीला दिले, पानात बांधून.
तो घेऊ की नको करत राहिला.
नोंद कुठल्या बाजूला करायची, हा प्रश्न असेल.

त्यांनी ठोकलेली खुंटी आठ दिवस दिसली.
नंतर तिच्यावर पाणी.
काल खांबापासून मोजलं.
एकशे एकेचाळीस.
मावशीला सांगितलं.
तिनं काही न बोलता बकरीचा दोर
दोन वेढे आखूड केला.