सायलेन्सर

गंगाखेड रोडला, जिनिंगच्या भिंतीला टेकून
अनिस मिस्त्रीचं गॅरेज. पत्र्यावर रंगवलेलं: उधारी बंद.
खाली खडूनं: दीड ते अडीच तेही बंद.

ओंकेशनं साडेनऊ हजार मोजले.
अडीच इंची पाइप, टोकाला जळल्यासारखा निळा रंग,
तोही कारखान्यातच दिलेला.
दुकानदार म्हणाला होता, दहा घोडे वाढतात.
मिस्त्रीनं पाइपला डोळा लावला,
पलीकडचं आभाळ बघितलं.
"घोडे इसमें किधर बांधते मियाँ?"

मी तेव्हा पाने द्यायचो. बारा, चौदा, सतरा.
आणि घड्याळ माझ्याकडं.
आदल्या सांजेला पोखर्णी फाट्याच्या पुढं मोजलेलं,
जुन्या सायलेन्सरवर, शून्य ते ऐंशी:
चौदा पूर्णांक आठ.
नव्यावर, चौदा सहा.
ओंकेश बॉनेटवर थाप मारून नाचला.
परत फिरताना, वाऱ्याच्या तोंडावर, पंधरा एक.
तिसऱ्या फेरीला मी बटण दाबायचंच विसरलो.
आवाजच असा,
की आकडा कशाला पाहिजे वाटलं.

मिस्त्रीचं म्हणणं साधं होतं.
इंजिन काय सर्दीचं पोरगं नाही,
नाक पुसलं की पळायला.
हवा तेवढीच, पेट्रोल तेवढंच,
ठिणगी तिच्या वेळेला.
धूर लवकर गेला म्हणून
तव्यावर एक भाकर जास्त होत नाही.
साडेपाच हजार फेऱ्यांच्या वर
जरा मोकळं वाटेल, पण तिथवर
परभणीतला कोणता रस्ता जाऊ देतो?
उलट खालची ओढ गेली.
पुलाच्या चढाला गाडी दुसऱ्यात टाकावी लागली,
आधी तिसऱ्यात निघायची.
हे ओंकेशनं कोणाला सांगितलं नाही.
मलाही नाही, आणि मी शेजारीच बसलेलो.

त्याचे वडील मुंजाजीकाका,
अठ्ठावीस वर्षं जिनिंगच्या यंत्रापाशी.
कान तिथंच राहिले, सरकीच्या ढिगात.
बोलायचं तर समोर यावं लागायचं,
ओठ मोठे करून.
पोरगा रात्री कधी आला
ते त्यांना सकाळी चपलेवरून कळायचं.

त्या रात्री आम्ही गल्लीत वळायच्या आधीच
ते फाटकाशी उभे. अनवाणी,
तळहात लोखंडी गजावर.
"आलास," म्हणाले. मग जरा थांबून,
"बिघडली का रे? आवाज यायलाय."

ओंकेशनं इंजिन बंद केलं नाही.
बराच वेळ.
शेजारच्या आजीनं खिडकीतून शिव्या दिल्या,
त्या त्यांना काही ऐकू आल्या नाहीत.

पुढं दोनदा पावती फाटली.
लिटरला दीड किलोमीटर कमी झाले.
जुना सायलेन्सर अजून गॅरेजमागं पडलाय,
कुंभारमाशीनं तोंड लिंपून टाकलंय.

गॅरेज आता माझ्याकडं. पोरं येऊन विचारतात,
पाइपनं खरंच फरक पडतो का.
मी वही काढतो.
चौदा आठ. चौदा सहा. पंधरा एक.
तिसऱ्या फेरीपुढं काही लिहिलेलं नाही.
बसवायचाच असेल तर सकाळी आण, म्हणतो,
इंजिन गार असताना.