खेकड्याचं बीळ

माझं काम पाणी थांबवायचं.
रजिस्टरमध्ये तसं लिहीत नाहीत.
तिथे असतं : सेटलिंग टँक, शिफ्ट सी,
आणि खाली माझी सही, सोनेराव टेकाम,
ओल्या पानावर दरवेळी पसरलेली.

वणीच्या अलीकडे, बोरडी नाल्याला पाठ लावून
आमचं साइडिंग.
कोळशाच्या ढिगाऱ्यांवर जो पाऊस पडतो
तो शाई होऊन खाली उतरतो.
चहूबाजूंनी चर आहेत, त्यांतून वळत येतो माझ्याकडे,
पहिल्या टाकीत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या,
दर टाकीत थोडा काळा खाली ठेवत.
गेट नंबर दोनपाशी पोचतो तेव्हा
कोऱ्या चहासारखा असतो.
तरी मी त्याला एक रात्र आणखी बसवतो.
अकरा वर्षांत एवढंच शिकलो :
थांबवलं की बसतं.

रंभाबाई नान्हे बाटली मानत नाही.
महिन्याला गाडी येते, साहेब बाटली बुडवतो,
चिठ्ठी चिकटवतो, नागपूरला नेतो.
रंभाबाईजवळ जुन्या धोतराचं फडकं आहे,
नाल्यातले झिंगे गाळायचं.
ते वाळवून ती तारेच्या कुंपणाला लावते.
"पाह्य सोनेराव, आज राखुंडी."
कधी म्हणते, "आज बरं हाय. पिवळंच हाय."
पिवळं म्हणजे माती. माती तिला चालते.
रजिस्टरात या रंगाला रकाना नाही,
मी समासात लिहितो.

पोळ्याच्या आदल्या रात्री
नऊपासून धरलेला होता.
रेक लागलेली, अठ्ठावन्न डबे,
रुळांत गुडघाभर पाणी, लोडर उभा,
आणि फोन : "टेकाम, गेट उघड. पाणी काढ.
तासाला दंड किती बसतो ठाऊक आहे?"
ठाऊक नव्हतं.
म्हटलं, चाक जाम आहे साहेब.
चाक जाम नव्हतं.
मीच त्याच्यावर बसलो होतो.

तिसऱ्या टाकीचं पाणी काठाला जीभ लावत होतं.
दोनदा उठलो चाकावरून. दोनदा बसलो.
मग बॅटरीच्या उजेडात दिसलं,
गेटपासून वीस पावलांवर, बांधाच्या बाहेरच्या अंगाला
करंगळीएवढी काळी धार,
सरळ नाल्यात.
खेकड्यानं आरपार बीळ पाडलं होतं.
ज्याच्यापायी मी चाकावर बसलो, त्यानंच.
हसू आलं. अर्ध्यात गेलं.

सिमेंटची रिकामी पोती कोंबली, बिळानं थुंकली.
रेनकोट कोंबला, तोही.
रंभाबाई कुठून आली विचारलं नाही,
डोक्यावर घमेलं, घमेल्यात शेतातली काळी.
"भाहेरून काहून बुजवतं? आतून भर.
हे फुगते पाण्यात."
आमची काळी उन्हाळ्यात पाय जाईल एवढी फाटते,
पावसात तेवढीच फुगून दार लावून घेते.
मला हे ठाऊक होतं.
बापाचं शेत त्याच ढिगाऱ्याखाली आहे.
तरी सुचलं नाही.

सहा घमेली.
धार दोऱ्याएवढी झाली, मग नुसती ओल.
आम्ही बांधावर बसलो, दोघंही काळे,
कुणाच्या अंगावर कोणतं काळं, अंधारात कळेना.

सकाळी कागद आला :
चाक तपासले, जाम आढळले नाही, खुलासा करावा.
बैल धुवायला पोरं नाल्यावर उतरली होती.
कुंपणाला फडकं लागलं, मधोमध एक काळी रेघ,
बाकी पिवळं.
रंभाबाई काही बोलली नाही,
रेघेवर नख घासत राहिली.

खुलासा अजून लिहिला नाही.
समासात लिहिलं : पिवळं. एक रेघ.

संध्याकाळी बांधावरून गेलो तर
खेकडा आपल्या जागी, ओल्या मातीत,
नवीन दार उकरतोय.
घमेलं मी तिथेच ठेवलंय.