कारण: कडलु

रजेच्या अर्जात चौथा रकाना कारणाचा.
अर्ज कानडीत भरायचा असतो.
एकवीस वर्षांत हात बसलाय माझा:
ताप, लग्न, मयत, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन.
या वेळी पेन थांबलं.

शनिवारची शाळा साडेअकराला सुटते,
रविवार सरकारचा, सोमवारची एक सी.एल.
एवढ्यात देवगड.
"इतक्या लांब कशाला? गोवा हाय की,
सकाळी जाऊन रातीला घरात,"
परशराम म्हणाले, चहा बशीत ओतत.
गोवा बघितलाय मी,
कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बारशाला,
काजूची पिशवी घेऊन परत.
मला वर जायचंय, नकाशात वर,
जिथं आपलं कुणीसुद्धा नाही,
जिथं पाठीमागून कुणी "बाईऽ" म्हणून हाक मारणार नाही.

हिशेब एका पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकेवर केला.
जांबोटीहून बेळगाव, उभ्यानं.
बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडी;
कंडक्टर शिनोळीपर्यंत कानडीत सुट्टे मागणार,
पुढं तोच मराठीत.
आणि मध्येच कुठं काचा फुटल्या,
तर गाडी शिनोळीच्या अलीकडेच थांबते.
मग पिशवी खांद्यावर, दोनशे पावलं चालायचं,
पलीकडे दुसऱ्या रंगाची उभी असते.
तेही लिहून ठेवलं: दोनशे पावलं, राखीव.
पुढं कुडाळ, कणकवली, नांदगाव फाटा.
पोचेपर्यंत काळोख.
म्हणजे समुद्र आधी ऐकू येणार,
दिसणार दुसऱ्या दिवशी.

लॉजवाल्या बाईंना फोन लावला.
"खोली आसा, दर्यो दिसता,
पण खिडकीच्या कोपऱ्यात उभा रवाक व्हया."
म्हटलं, राहीन की उभी.
वर्गात आयुष्य गेलंय उभ्यानंच.

बातमी गावभर.
डिसेंबरात सगळ्यांना हापूस पाहिजे.
कल्लव्वा कोंबड्या सांभाळणार, चावी तिच्याकडं,
बदल्यात सुकी सुंगटं, पावशेर.
आणि चौथीतला भैरू, जो सात वेळा हाक मारल्यावर बोलतो,
तो आपणहून उठून उभा राहिला:
"बाई, तिथं पाटी असते काय?
समुद्र हितनं सुरू, म्हणून?"
वर्गात अकरा पोरं. अकराही हसली.
मला उत्तर आलं नाही.
गेल्या आठवड्यातच शिकवलं होतं त्यांना,
मलप्रभा आपल्या कणकुंबीची,
दर्या इथून हाकेवर,
तरी जन्मल्या जन्मल्या पाठ फिरवते
आणि चालत सुटते पूर्वेला.
का फिरवते, ते पुस्तकात नाही.
उतार, एवढंच सांगितलं मी.
उतार म्हटलं की प्रश्न मिटतात.

चौथ्या रकान्यात शेवटी लिहिलं: कडलु.
तीन अक्षरांचा समुद्र, कानडीतला.
हिरेमठ सरांनी चष्मा पुसला.
"एन टीचर, इदु?"
मी म्हटलं, सर, खोटं कारण लिहायचा कंटाळा आलाय.
ते बराच वेळ खिडकीतून बघत राहिले,
तिकडं नुसतं कवायतीचं मैदान आणि एक म्हैस.
मग एक बारीक रेघ मारून समुद्र खोडला
आणि वर लिहिलं: वैयक्तिक.
दोन्ही भाषांत एकच शब्द.
सही केली. शिक्का उलटा पडला, पुन्हा मारला.
दाराशी पोचले तर मागनं हळूच म्हणाले,
मी पण बघितला नाही अजून.

आज मंगळवार.
पिशवीत अजून काही भरलेलं नाही.
फक्त सिद्रायनं दिलेली एक बाटली,
सरबताची, लेबल नखानं खरवडलेलं.
"पाणी आणा बाई. झाकण घट्ट लावा,
नाहीतर लाट सांडंल."
ती धुऊन पायरीवर पालथी घातलीय.
थेंब थेंब गळतंय तिच्यातून
मलप्रभेचं पाणी,
पायरीच्या उतारानं, पूर्वेकडं.