दोनच पानं

ड्रेनेजच्या उभ्या पाइपात लावलंय ते,
कारण मूळ सरळ खाली जातं, वळणं त्याला ठाऊक नाही.
पावसाळ्यात वर पत्रा.
विश्वामित्री चढली त्या वर्षी
मगर बागेच्या कुंपणापर्यंत आली होती, आणि मी
आधी पाइप हलवायला माळी बोलावले.
साहेब अजून हसतात त्यावर.

जन्मभर दोनच पानं. तिसरं येत नाही.
बुंध्याशी वाढतात, टोकाला झिजतात,
वाऱ्याने चिंध्या होतात. मग कोणीतरी विचारतं,
"वत्सलाबेन, आ मरी गयुं?"
नाही मेलं. बावीस वर्षं मोजतेय मी.

फेनिल, एम.एस्सी.चा. नाक दोनदा मोडलेलं,
रविवारी पोलो ग्राउंडवर रग्बी खेळतो.
त्याने मोबाइल माझ्या रजिस्टरला टेकवून ठेवला.
"बेन, तुमच्या झाडाची टीम."
नामिबिया. वेल्विचिया म्हणतात त्यांना,
पंधरा दांडगे पुरुष, नाव या चिंध्यांचं.

वर्ल्ड कपात किती वेळा?
"सात."
जिंकले किती?
त्याने हनुवटी खाजवली.
"एकदा तर एकशे बेचाळीस-शून्य."
शून्य कोणाचं?
"आपलं."

आपलं.
मी चष्मा पुसला.

त्याने नियम सांगितले. चेंडू हाताने द्यायचा तो मागेच,
धावायचं मात्र पुढे.
म्हटलं, हे मला नको शिकवूस,
हे मी दर सोमवारी पट्टीने मोजते.

रात्री सव्वानऊला शेडमध्ये बसलो आम्ही,
मध्ये लीला चिवडा, डासांची अगरबत्ती.
थोडा वेळ पुढे होतो आपण!
आठ जण वाकले, खांद्यात खांदा, कान सोललेले,
जणू जमिनीतून काही उपसायचंय.
मी पुडा इतका आवळला की चिवड्याचा भुगा.
मग थकले. ते आधी मांड्यांत दिसतं,
आकड्यांत नंतर.
एक जण शेवटपर्यंत उठून उठून पडत होता,
त्याचं नाव फेनिललाही नीट म्हणता येईना.

शिट्टी झाली. फेनिल काही बोलला नाही,
सायकलचं कुलूप बराच वेळ शोधत राहिला.

सोमवारी पत्रा सरकवला.
डावं पान, दोन मिलिमीटर.
उजवं, दोनला किंचित कमी.
शेऱ्याच्या रकान्यात मी नेहमी लिहिते 'ठीक'.
हाताने लिहिलं, 'हरलो'.
खोडणार होते, तेवढ्यात साहेब आले
आणि न वाचता सही करून गेले.