चौकट क्रमांक चौदा

एक मीटर बाय एक मीटर,
तारेची चौकट, कोपऱ्यांना लाल फीत.
डोळे मिटून, पाठ फिरवून फेकायची असा नियम आहे,
हिरवं बघून फेकली असं कुणी म्हणायला नको.
मी फेकते.
कारा-बुलाकच्या उतारावर ती पडते
वाळक्या लेंड्यांच्या राशीत.
नियम म्हणजे नियम. मी गुडघे टेकते.

बेतेगे गवत, अकरा बुंधे.
शिबाक, तीन. कडू, घोडीही तोंड फिरवते.
उघडी माती शंभरात बावीस.
तीन वर्षांपूर्वी याच खडकापासून चाळीस पावलांवर
ती होती एकसष्ट.
तेव्हाची वही माझीच, समासावर चहाचा डाग.

ओमुरझाक घोड्यावरून उतरत नाही.
वरूनच विचारतो, "किती भरलं?"
जणू मी गवत नाही, त्याचा ताप मोजतेय.

पैसा कुठे गेला ते मला पैशापैशाने ठाऊक आहे:
ओढ्यावर दोन लाकडी पूल, कळप वरच्या कुरणात पोचावेत म्हणून;
पाण्याचं एक टाकं; अकराशे मीटर कुंपण;
आणि कुरण समितीला लोखंडी कपाट,
ज्याची किल्ली अध्यक्षांच्या बायकोकडे, बुरमाखानकडे असते,
आणि ज्यात सध्या जर्दाळूचा मुरांबा आहे.
पावत्या सगळ्याच्या आहेत. मुरांबा सोडून.

पूल उभे आहेत. एकावरून आमची जीप आली.
दुसऱ्याच्या तीन फळ्या कमी,
त्या एका तंबूच्या दारात पायरी म्हणून भेटल्या.
मी लिहिलं, "पूल वापरात आहेत."
खोटं नाही.

बुरमाखान घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पुढे करते.
मी ताकाला आलेली, भांडं कशाला लपवू?
"खरं सांग, गवत परत आलं ते कशानं?"
ती बोटांवर मोजते:
सुयुंबेक मॉस्कोत, टॅक्सी चालवतो.
त्याचा भाऊ तिथेच, गोदामात.
पलीकडच्या घरातली तिघं, कुठं ते आईलाही नीट माहीत नाही.
"राखायला माणूस नाही, तिथे मेंढरं कशी राहतील?
चारशे विकली. दोनशे खिंडीपलीकडे, मेहुण्याकडे.
मेंढरं गेली, गवत आलं."
मग घाईघाईने, पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून,
"तुमचं कुंपणही चांगलं आहे हो.
कपडे छान वाळतात."

फॉर्मचा शेवटचा रकाना:
"निधीमुळे झालेला बदल".
हा दोन अक्षरांचा "मुळे"
सकाळपासून बुटातल्या खड्यासारखा टोचतोय.
मुळं मी पाहिली आहेत, सुरीने ढेकूळ कापून.
बेतेगेची मुळं वीतभर खाली उतरतात,
एकमेकांत गुंतून, दाट,
कुठलं कुणाचं ते वेगळं काढायला गेलं
की माती सुटते.

खिंडीपलीकडे मी गेले नाही.
ते कुरण माझ्या नकाशात नाही,
तिथला पैसा दुसऱ्याचा, किंवा कुणाचाच नाही.
तिथे कुणी डोळे मिटून चौकट फेकत नाही.
ओमुरझाक म्हणतो, तिकडे आता खुरांखाली धूळ उडते.
म्हणतो, आणि उगाच लगाम सारखा करतो.

रात्री जीपच्या दिव्यात बेरजा केल्या.
उघडी माती बावीस, हे पक्कं.
"मुळे"च्या रकान्यात सुयुंबेकचं नाव लिहिलं, खोडलं,
तिथे आकडाच बसतो.
मग समासात, बारीक अक्षरात:
मेंढरं कुठे गेली ते विचारा. खिंडीपलीकडे पाहा.

गाडी सुरू करता करता कुबातने विचारलं,
"वर समास वाचतात का?"
मी जुनी वही उघडली.
तीन वर्षांपूर्वीही समासात मी काहीतरी लिहिलं होतं,
दोन ओळी असाव्यात.
चहा नेमका त्यांच्यावरच सांडलाय.